मापांची मुलूखगिरी

राज्य बदलले की प्रथम झेंडा बदलतो, मागोमाग नाणे बदलते आणि रयतेची नव्या दफ्तराशी थोडीबहुत सलगी झाल्यावर सर्वांत शेवटी माप बदलते, असा इतिहासाचा सामान्य क्रम आहे. ह्यांपैकी झेंड्याला वंदन करायला काही खर्च येत नाही, आणि नाणे नाकारण्याइतके ते कोणाजवळ साठलेलेच नसते. परंतु ज्या वितीने आजाने जमीन मोजली आणि ज्या शेराने आजीने ज्वारी मोजून दिली, ती वीत आणि तो शेर एका राजपत्रातील अधिसूचनेने बेकायदा ठरले, हे पटवून घेण्यास माणसाला स्वभावतः दोन पिढ्या लागतात. तिसरी पिढी ते पटले असे म्हणते, आणि जुनेच माप वापरते.

ह्या विषयातील अनुभवाची ज्येष्ठता पाहिली तर मराठवाड्याचा हात धरील असा मुलूख महाराष्ट्रात दुसरा नाही. नांदेडच्या एखाद्या गृहस्थाने १९४८ च्या सप्टेंबरात ओसरीवर बैठक मांडली आणि ती १९६० च्या मे महिन्यापर्यंत सोडली नाही असे मानले, तरी तेवढ्या अवधीत तो निजामाच्या संस्थानात, भारतातील हैदराबाद राज्यात, द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि अखेर महाराष्ट्रात अशा चार अंमलांत राहून आला, आणि एक तप पुरे व्हायला तरीही चार महिने शिल्लक होते. इतकी राज्ये घरबसल्या पाहिलेल्या माणसाच्या अंगी एक विशिष्ट राजनीती मुरते. नवा अंमलदार आला की उठून सलाम करावा, बसायला सतरंजी द्यावी, त्याची भाषा चार दिवसांत उचलावी. मात्र त्याच्यासाठी जुन्याला सतरंजीवरून उठवू नये. साऱ्या जगातील शास्त्रज्ञांनी एकमुखाने मान्य केलेली जी आंतरराष्ट्रीय एकक पद्धती, तिचेही नांदेड-लातूर भागात स्वागत झाले ते नेमके ह्याच राजनीतीने.

ही पद्धती वयाने फारशी वडीलधारी नाही. मीटर आणि किलोग्रॅम फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जन्मले आणि १८७५ साली पॅरिसला सतरा राष्ट्रांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या, हे खरे; परंतु आजच्या रूपातील पद्धतीचे नामकरण झाले ते १९६० च्या ऑक्टोबरात, म्हणजे महाराष्ट्र राज्य हे तिच्याहून पाच महिन्यांनी मोठे. मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला हे तिचे सात मानकरी, आणि बाकीची सगळी एकके त्यांच्या परस्परसंबंधांतून जन्मलेली. ह्या सातांची अट एकच आहे, की आपल्याशिवाय दुसरे कोणी नसावे. मराठवाड्याने आजवर कोणाचीही ही अट मान्य केलेली नाही.

आता एक गोष्ट प्रारंभीच नमूद केली पाहिजे, की मीटर हे माप नांदेडात कायद्याने आले नाही. ते आगगाडीने आले. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारला कमी खर्चाचे रेल्वेमार्ग हवे होते, आणि हिंदुस्थानात दशमान पद्धती लवकरच लागू होणार अशी त्या वेळी सरकारदरबारी इतकी खात्री होती, की दोन रुळांतील अंतर फूट-इंचात ठरवण्याऐवजी सरळ एक मीटर ठरवण्यात आले. १८७१ च्या कायद्याने तर शेर म्हणजेच फ्रान्सात ज्याला किलोग्रॅम म्हणतात ते वजन, असेही जाहीर करून टाकले. पुढे कायदा कागदावर राहिला आणि रूळ तेवढे जमिनीवर पडले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा जो मार्ग झाला, तो ह्याच एका मीटरचा. म्हणजे नांदेडच्या कापडदुकानात मीटरपट्टी येण्याच्या अर्धशतक आधीपासून गावाच्या कडेला अस्सल फ्रेंच मीटर लोखंडात ठोकून ठेवलेला होता, आणि त्याच्यावरून माणसे गोणपाटांसकट जात-येत होती. त्याला माप म्हणून कोणी ओळखले नाही, एवढेच.

लातूरचा प्रकार निराळा. तेथे काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे आली, आणि तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट. तेव्हा नांदेडास मीटरचा अंमल आणि लातुरास फुटाचा, अशी मापांची सरहद्द ह्या दोन गावांच्या मध्ये कोठेतरी पडलेली होती. लातूरचा माल कुर्डूवाडीला रुंद मार्गाच्या गाडीत चढवायचा तर हमालांनी तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा, कारण अडीच फुटांचे साडेपाच फुटांशी जमत नसे. पुढे देश स्वतंत्र झाला, दशमान झाला, फूट आणि इंच कायद्याने बाद झाले. आणि मग १९९२ पासून रेल्वेने सगळे मार्ग एकाच रुंदीचे करण्याची मोहीम काढली. ती रुंदी कोणती? तर जुनी साडेपाच फूट, सरकारी भाषेत १६७६ मिलिमीटर. मोहीम नांदेडला पोचली तेव्हा रुळांतला मीटर उखडला गेला आणि तेथे फूट आले. लातुरासही अडीच फुटांच्या जागी साडेपाच फूट आले. देशात कायद्याने बाद झालेल्या मापाने कायदेशीर मापाला त्याच्या सर्वांत जुन्या मुक्कामावरून बेदखल केल्याचे हे उदाहरण, नांदेड स्थानकाच्या फलाटावर उभे राहून, कोणालाही विनामूल्य पाहता येते.

नाण्यांच्या बाबतीत तर ह्या भागाची तालीम आणखी कडक झालेली होती. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी मुलखातला कलदार रुपया हे दोघे ह्या मुलखात शेजारी नांदत, आणि त्यांचा भाव असा, की शंभर कलदारांचे हाली रुपये एकशेसोळा, आणे दहा आणि पै आठ. सरकारी वर्षदेखील फसली. ते इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे आणि त्याचे महिने आजर, दै, बहमन अशा इराणी नावांचे. ज्या मुनिमाने पंचांगात शके, दफ्तरात फसली आणि पोस्टाच्या शिक्क्यावर इसवी सन एकाच दिवशी पाहिले, हालीत खर्च मांडला आणि कलदारात वसुली केली, त्याला पुढे १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नवे पैसे म्हणजे एक रुपया असे सांगण्यात आले, तेव्हा तो दचकला असेल असे मानण्यास काही आधार नाही. त्याने बहुधा आणखी एक रकाना आखला असेल.

पुढच्याच वर्षी, १९५८ च्या ऑक्टोबरात, किलो आणि ग्रॅम दुकानांत येऊ लागले. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक ही मंडळी काही वर्षांत तराजूवरून उतरली, आणि त्यांच्याबरोबर शाळेतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी आणि औटकी ह्या पाढ्यांनाही निरोप मिळाला. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असणारी एक सबंध पिढी त्या दिवसापासून, कोणताही गुन्हा नसताना, कामावरून कमी झाली. परंतु तराजूवरून उतरलेली मापे गाव सोडून जात नाहीत, ती नुसती बाजूला सरकून बसतात. दुधाच्या रतिबाला आजही पावशेरच म्हणतात, आणि त्या पावशेरात पाव लिटर दूध येते, ह्याची शेर आणि लिटर ह्या दोघांनीही तक्रार केलेली नाही.

ह्या सर्वांत मुत्सद्दी निघाला तो तोळा. पावशेर सोडला तर बाकीच्या मापांनी नव्या अंमलाशी तह केला तरी आपले आकारमान राखले. तोळ्याने मात्र नाव राखले आणि अंग सोडून दिले. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा; कलदार रुपयाचे वजनही नेमके तेवढेच, कारण तोळ्याचे प्रमाण म्हणून रुपयाच धरलेला होता. आजचा सराफी तोळा दहा ग्रॅमचा. ह्या घटनेचा साक्षात्कार घ्यायचा असल्यास नांदेडच्या सराफ्यात लग्नसराईत जाऊन बसावे. एक आजी आपल्या सासूने घातलेल्या पाच तोळ्यांच्या पाटल्या रुमालातून सोडते. सराफ त्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवतो, पेटीचे दार लावतो, वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून क्षणभर पंखाही बंद करवतो, आणि म्हणतो, "काकू, पावणेसहाच्या वर भरल्या की!" काट्यावर ५८ ग्रॅमच्या पुढचा आकडा असतो. पन्नास वर्षे हातात घालून झिजवलेले सोने घरच्या घरी पाऊण तोळ्याने वाढले, ह्याचा आजीला झालेला हर्ष मजुरीचा विषय निघेपर्यंत टिकतो. मग त्याच दुकानात ती नातीसाठी पाच तोळ्यांच्या नव्या पाटल्या घेते आणि पन्नास ग्रॅम घेऊन घरी जाते; हातात जरा हलक्या लागल्या, तर हल्लीचे सोनेच तसे, असा तिचा निष्कर्ष असतो.

ह्यात एक योगायोग असा आहे, की त्यावर एखाद्या गणितज्ञाने नव्हे तरी एखाद्या पुराभिलेखपालाने टिपण लिहायला हरकत नाही. जुना तोळा दहा ग्रॅमच्या तोळ्यात मोजला तर १.१६६ भरतो. कलदार रुपया हालीत मोजला तरी १.१६६ च भरत असे. सातास सहा हे जे प्रमाण निजामाच्या खजिन्याने मराठवाड्याकडून पिढ्यान् पिढ्या घोकून घेतले होते, तेच दशमान पद्धतीने सराफाच्या पेढीवर पुन्हा हजर केले. बाकी महाराष्ट्राला जे नवे शिकावे लागले, त्याची उजळणी ह्या भागाची झालेलीच होती.

नांदेडचा मोंढा हे मापांचे खरे न्यायालय. धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणण्याची ह्या भागाची रीत, आणि मोंढ्यात शेतकरी, आडत्या, खरीददार आणि हमाल ह्या चौघांच्या मध्ये मापाडी नावाचा जो पाचवा असामी उभा असतो, त्याच्या तोंडून निघेल तो आकडा प्रमाण. पूर्वी त्याच्या हाती पायली असे, आज त्याच्या पुढ्यात तांबड्या आकड्यांचा विजेवरचा काटा असतो. त्या काट्यावर वैध मापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो, आणि पोते ठेवताच आकडा क्षणभर डळमळून स्थिर होतो. तरीही जुन्या वळणाचा मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. दोनपासून पुढे अंकगणित सुरू होते. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत सात मूलभूत राशी आहेत, त्यांत लाभ ही राशी नाही. पॅरिसच्या मंडळींनी पहिल्या आकड्याला नुसते एक म्हणून पुढे जाण्यात कोणता धोका पत्करला आहे, ह्याची त्यांना कल्पना नसावी.

शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर मोंढ्याने दशमानातलेसुद्धा जे उचलले ते पद्धतीच्या मुख्य दालनातले नव्हे. क्विंटल ह्या मापाला आंतरराष्ट्रीय पद्धतीत स्थान नाही. हजार किलोचा टनदेखील तेथे पाहुणा म्हणून खपवून घेतलेला. शुद्ध भाषेत त्याला मेगाग्रॅम म्हटले पाहिजे. तुरीचा भाव प्रतिमेगाग्रॅम पुकारला जाईल त्या दिवशी मोंढा शास्त्रशुद्ध होईल आणि त्याच दिवशी तो बंदही पडेल, कारण एवढ्या मोठ्या आकड्याचा भाव ऐकून शेतकरी आनंदाने आणि खरीददार भीतीने, असे दोघेही जागच्या जागी बसतील.

जमिनीचे माप हा लातूरकडील प्रबंधाचा विषय. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, आणि ते सोळा आहेत हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या गावाचा मध्यच रुपयाच्या आण्यांइतक्या वाटांचा, त्याला दहांत बसवायचे म्हणजे सहा रस्ते बुजवावे लागतील. ह्या सोळांपैकी कोणत्याही रस्त्याने बाहेर पडले की जमिनीच्या गोष्टी ऐकू येतात, आणि त्या त्रिभाषा सूत्रानुसार चालतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर ह्यांत. बोलण्यात एकर आणि गुंठे. विक्रीच्या फलकावर चौरस फूट. तलाठ्यापुढे उभे राहिले की शेतकरी हेक्टरात बोलतो, भावकीत वाटणी करताना एकरावर येतो आणि बांधावरच्या भांडणात गुंठ्याच्याही खाली उतरून वितीवर येतो. राग जितका जास्त तितके माप लहान, असा ह्या विषयातला नियम मांडता येईल.

आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. ही दोन मापे इतकी एकमेकांसारखी, की व्यवहारात त्यांना जुळे भाऊ समजतात. तसेच हेक्टर म्हणजे अडीच एकर असे सर्वजण धरतात, पण अडीच एकरांचे शंभर गुंठे होतात आणि हेक्टरात पुरते नव्व्याण्णवही होत नाहीत. ह्या बोलीतल्या हेक्टरात आणि कागदावरच्या हेक्टरात जो सव्वा गुंठ्याच्या जवळपासचा फरक राहतो, तो कोणाच्याही मालकीचा नसतो. वकिलांचा चरितार्थ बहुधा ह्याच पट्ट्यावर चालत असावा. सरकारने मात्र ह्या प्रकरणी मोठेपणा दाखवला. गुंठा हे माप कायद्याने व्यवहारातून गेले असताना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनी नियमित करण्यासाठी महाराष्ट्राने २००१ साली जो अधिनियम केला, त्याचे नावच गुंठेवारीचा अधिनियम. बेकायदा मापाने मोजलेली बेकायदा विक्री कायदेशीर करणाऱ्या कायद्याला त्या मापाचे नाव द्यावे, ह्याहून मोठा सन्मान कोणत्याही गणवेशधारी मापाला आजवर मिळालेला नाही.

कापड मीटरने मिळते, पण नऊवार नऊवारच राहते. वार म्हणजे यार्ड, म्हणजे इंग्रजांचे माप. इंग्रज जाऊन किती वर्षे झाली हे नेसणारीला ठाऊक आहे, पण आठ मीटर तेवीस सेंटिमीटरचे लुगडे द्या असे म्हणणारी गृहिणी दुकानदाराने अद्याप पाहिलेली नाही. बोअर घ्यायचे तर खोली फुटांत. सहाशे फूट गेलो तेव्हा दोन इंची पाणी लागले, असे लातुरी माणूस सांगतो, आणि ह्या वाक्यात खोली फुटांत, पाण्याचा प्रवाह इंचात आणि झालेला खर्च लाखांत असूनही ऐकणाऱ्याला ते तत्काळ समजते. पंपाला अश्वशक्ती लागते. पाच अश्वशक्तीची मोटार ज्याच्या विहिरीवर आहे त्याच्या दावणीला घोडा सोडा, बैलही नसतो. आणि पाऊस किती झाला ह्याचा मिलिमीटरमधला आकडा वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येण्यापूर्वीच शेतकऱ्याने मातीत बोटे घालून चार बोटे ओल असल्याचे सांगून टाकलेले असते. पर्जन्यमापक तहसील कचेरीच्या आवारातला पाऊस मोजतो, बोट स्वतःच्या वावरातला मोजते. तिफण धरायची की नाही हे ठरवताना कोणाचे ऐकावे ह्याबद्दल दुमत नाही.

पाणी ह्या एका पदार्थाला मराठवाड्यात जितकी एकके आहेत तितकी पाण्याचे थेंबही काही वर्षी नसतात. जायकवाडीचे धरण टीएमसीत भरते, कारण वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे भांडण टीएमसीत चालते. मांजरा धरणातला साठा दशलक्ष घनमीटरमध्ये सांगतात, आणि वर्तमानपत्रे त्याला जागेअभावी दलघमी म्हणतात. नांदेडला विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पाणी क्युसेकने धावू लागते. टँकर खेपांनी येतो, नळ दिवसाआड येतो आणि स्वयंपाकघरात पाणी घागरीने मोजतात. आता ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिले तर एक टीएमसी होते आणि एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, हे कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही काढता येईल. पण एकाच नदीचे पाणी वरच्या भागात एका मापात, धरणात दुसऱ्या आणि दरवाजातून बाहेर पडताना तिसऱ्या मापात सांगितले, की नागरिकाला बेरीज करता येत नाही आणि बेरीज करता न आल्यामुळे तो शांत राहतो, ही सोय काही लहान नव्हे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आले, तेव्हा मात्र पहिल्या गाडीचे पाच लाख लिटर हा आकडा गावातल्या लहान मुलांनाही पाठ झाला. लिटर हे माप लातूरकरांच्या मनात खऱ्या अर्थाने रुजले असेल तर ते त्या उन्हाळ्यात. ते माप शाळेत किती गुणांना होते हे मात्र त्यांना विचारू नये.

काळाच्या मापाविषयी थोडक्यातच बोललेले बरे. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० स्पंदने झाली म्हणजे एक सेकंद होतो, अशी आता सेकंदाची व्याख्या आहे. लग्नपत्रिकेवर मुहूर्त मिनिटापर्यंत छापलेला असतो. नवऱ्याकडची गाडी मात्र "निघू लालो, अर्ध्या घंट्यात पोचतो" असे सांगते आणि तो अर्धा घंटा जेवणाच्या दुसऱ्या पंगतीपर्यंत चालतो. सीझियमने आपले काम चोख केलेले असते. मध्ये काय घडले ह्याला तो जबाबदार नाही.

आता ह्या सर्व गोंधळात शुद्ध आंतरराष्ट्रीय एककांचे एखादे अभयारण्य नाही काय? आहे, आणि ते लातुरातच आहे. ज्या शिक्षणपद्धतीला सारा महाराष्ट्र लातूर पॅटर्न म्हणतो, तिच्यासाठी चहूकडच्या गावांतून आलेली मुले खोल्या घेऊन राहतात, मेसमध्ये जेवतात, आणि पहाटेपासून सातही मूलभूत एकके त्यांच्या मितींसकट घोकतात. उत्तरात एकक लिहिले नाही तर गुण नाही, हे त्यांच्या रक्तात भिनलेले असते. केल्विनची त्यांना विशेष गोडी. लातूरची डिसेंबरातली पहाट दहा अंशांची आणि मे महिन्यातली दुपार त्रेचाळीस अंशांची. पण केल्विनमध्ये मांडले तर २८३ आणि ३१६, म्हणजे वाढ बारा टक्क्यांच्याही आतली. पत्र्याच्या खोलीत घाम पुसत बसलेल्या मुलाला शास्त्र इतका दिलासा देऊ शकते, हे पूर्वी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

अशा एका मुलाला सुटीत आजोबांबरोबर सोयाबीनची पोती घेऊन लातूरच्या आडतीवर बसलेले मी पाहिले. सौदा निघायला वेळ होता, तेव्हा मुलाने आजोबांची शिकवणी घेतली. "आजा, हे पन्नास किलो भरतंय म्हणजे वजन नव्हं, वस्तुमान. वजन न्यूटनमध्ये सांगायचं असतंय. पन्नास किलोचं पोतं म्हणजे चारशे नव्वद न्यूटन." आजोबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली, पोत्याकडे पाहिले, आकडा मनाशी घोळवला आणि विचारले, "चारशे नव्वद? मग सावकाराला विचारून बघ. न्यूटनवर भाव जास्ती लागत असंल तर न्यूटनवर घालू."

मुलगा हटणारा नव्हता. पॅरिसजवळ सेव्हर येथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा तीन किल्ल्यांच्या तिजोरीत, काचेच्या झाकणांखाली ठेवलेला होता आणि जगातला प्रत्येक किलो त्याच्यावरून ठरत असे. त्याची सत्तावन्न क्रमांकाची नक्कल दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत तो ठोकळा आणि त्याच्या नकला ह्यांच्या वजनांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक आढळला. तेव्हा साऱ्या जगाच्या शास्त्रज्ञांनी बसून त्या ठोकळ्याला निवृत्त केले आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम हा प्लांकच्या स्थिरांकावर बसवला, जो कोणालाही झिजवता येत नाही, चोरता येत नाही आणि बदलता येत नाही, हे त्याने क्रमाक्रमाने समजावून दिले. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे किती, असा प्रश्न आला. किलोचा दोन कोटीवा भाग, असे उत्तर गेले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. क्विंटलमागे एक किलो कडता कापला गेला, तर तो शंभरावा भाग होतो, म्हणजे ज्या चुकीसाठी जगाने आपला किलोग्रॅम मोडीत काढला तिच्या दोन लाख पट, हा हिशेब त्यांनी केला असेल असे मी म्हणत नाही. पण त्यांचा चेहरा तो हिशेब पूर्वीच झाल्यासारखा होता. अखेर ते म्हणाले, "माणसं भली दिसतेत. एवढ्याशानं लाजली. त्यातलं कुणी हितं काटा तपासायला येतंय का, तेवढं इचार."

ह्या प्रश्नाचे उत्तर सातांपैकी एकाही मूलभूत एककाजवळ नाही, आणि मला वाटते, मराठवाड्याचे ह्या पद्धतीशी जे काही जमत नाही ते एवढ्याच ठिकाणी. मीटर किती अचूक आहे ह्याविषयी इथल्या माणसाची कधीच तक्रार नव्हती. तो कोणाच्या हातात आहे, एवढीच त्याची चौकशी असते, आणि चार अंमल पाहिलेल्या माणसाने ती करावी ह्यात वावगे काही नाही. तोवर किलोग्रॅमने प्लांकच्या स्थिरांकावर बसून यावे, हेक्टरने तलाठ्याच्या दफ्तरात आणि केल्विनने लातूरच्या क्लासात खुशाल राज्य करावे. त्यांना सलाम होईल, सतरंजी मिळेल, चहाही येईल. फक्त बसायचे ते तोळा, गुंठा, वार आणि चार बोटे ओल ह्यांच्या ओळीत, आणि जागा मिळायची ती आगमनाच्या क्रमाने.